सरांनी शिकवलेली व्हिस्की

मला व्हिस्की शिकवली ती दारूबंदीच्या पुढाऱ्यानं. आम्ही त्यांना सर म्हणायचो. कॉलेजातून निवृत्त झालेले, सिडकोत फ्लॅट, आणि जिल्ह्यात कुठंही बायका दारूच्या दुकानाविरुद्ध उठल्या की पहिला फोन त्यांनाच. पत्रक लिहायलाही मी त्यांच्याकडूनच शिकलो. वाक्य छोटं, शिवी नको, मागणी पहिल्या ओळीत.

तेव्हा पिशोरच्या पलीकडं एका गावात आमचं काम चालू होतं. गावात एक देशीचं दुकान आणि रस्त्याच्या कडेला एक परमिट रूम. बायकांना दोन्ही बंद हवी होती. आधी बायकांच्या सह्या, मग अर्ज, मग मतदान. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. सर म्हणाले, "आधी देशी, मग बघू." बायका कुरकुरल्या. मी सरांची बाजू घेतली, पत्रकातही तेच लिहिलं.

एका रविवारी दुपारी सरांनी घरी बोलावलं. "तू नुसता ओरडतोस. ज्याच्याविरुद्ध लिहितोस, ते कधी नाकाला लावलंस का?"

कपाटातून बाटली निघाली. सर घेतात हे मला तेव्हाच कळलं. दचकलो. पण सर सांगतायत म्हणजे हाही अभ्यासच, अशी मनाची समजूत घातली.

निमुळत्या तोंडाचा ग्लास. बर्फ नाही, सोडा नाही. "नाक आत खुपसू नको. तोंड जरासं उघडं ठेव आणि हळू वास घे." मला नुसता स्पिरिटचा वास आला, डोळ्यांत पाणी आलं. सरांनी चमच्यानं पाण्याचे थेंब टाकले आणि थांबायला लावलं. मग वास उलगडला. गुऱ्हाळाची कढई, तिच्यामागं ओला कडबा, तळाशी धूर. आमच्या गोठ्यातला वास परदेशातल्या बाटलीत कसा शिरला, मला कळेना. आवडलं, हे खोटं कशाला सांगू.

सर रंगात आले. खरी माल्ट व्हिस्की जवापासून होते, लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरते. आपल्याकडच्या परमिट रूममध्ये व्हिस्की म्हणून जे मिळतं, त्यातलं बरंचसं साखर कारखान्याच्या मळीचंच स्पिरिट, वर रंग आणि वास. "देशीही मळीचीच. फरक लेबलाचा," असं म्हणून ते हसले. मला हे पत्रकात घालावंसं वाटलं. सर म्हणाले, "नको, आत्ता नको."

मी आणखी काही रविवार गेलो. अर्ज सोमवारी द्यायचा होता. आदल्या दिवशी ग्लास हातात असतानाच बेल वाजली आणि परमिट रूमचा मालक आत आला. तोच, ज्याच्या दारात उभं राहून मी घोषणा दिल्या होत्या.

"अरे वा, पत्रकवाले. बसा की राव, उठता कशाला? मी कुणाला नाय सांगत." त्यानं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. "सर, तुमची ती धुराची. लई मुश्किलीनं मिळाली. आणि अर्ज उद्या देशीचाच ना?"

"ठरलंय ते ठरलंय," सर म्हणाले. माझ्यासमोर. आवाजही खाली केला नाही.

देशी बंद झाली की तिथलं सगळं गिऱ्हाईक याच्या टेबलांवर येणार होतं. बायका महिनोन् महिने राबल्या होत्या त्या याच्यासाठी. आणि मी पत्रकं लिहिली होती.

"सर, दोन्ही दुकानांत मळीच आहे. तुम्हीच शिकवलं."

"चव घेणं वेगळं आणि झिंगणं वेगळं. इतक्या दिवसांत एवढं तरी कळायला हवं होतं तुला."

मला चिरीमिरी खाणारे पुढारी माहीत होते, त्यांच्यावर लिहिलंही होतं. पण याला लाच म्हणतात हे सरांच्या मनातही नव्हतं. तो मित्र, ही भेट, आणि मी त्यांचा विद्यार्थी.

ग्लास ठेवला, एसटी पकडली. गावात अंगणवाडीच्या ओट्यावर बायका उद्याची तयारी करत बसल्या होत्या. त्यांच्यात पुढं असणाऱ्या मावशींना सगळं सांगितलं, बाटलीसकट.

मावशींनी माझ्याकडं जरा पुढं वाकून वास घेतला. "तू बी घेतली व्हय?"

"व्हय."

"आज?"

"आज."

एक म्हातारी म्हणाली, "आमच्या घरचा निदान शिकायला जातो म्हणून सांगत नाय."

उद्याचा अर्ज तिथंच थांबला. सह्या पहिल्या घरापासून नव्यानं घ्यायच्या आणि दोन्ही दुकानांसाठी घ्यायच्या, असं ठरलं. घरं वाटून घ्यायला लागल्या तेव्हा मी पुढं झालो.

"तू नको," मावशी म्हणाल्या. "आम्ही करतो आमचं."