तबकडीच्या शेवटचा उखाणा

लक्ष्मीपूजनाचे दिवे लागले आणि मी दुकान आवरायला घेतलं, की गोजरबाई यायची. पाडव्याला नवऱ्याला लावायचं उटणं आणि वासाचं तेल तिला शेवटच्या घटकेलाच हवं असे, कारण तोवर ती स्टेशनवर वाट बघत बसायची. कुंडलिक तिला टाकून गेला, त्याला कैक दिवाळ्या झाल्या होत्या. अख्ख्या सोलापूरला ते कळलं होतं. ही मात्र म्हणायची, "येतील की."

गळा सोन्याचा. एका कंपनीनं तिची गौळण ग्रामोफोनच्या तबकडीत भरून घेतली. गाणं संपलं की गाणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं, अशी तेव्हा रीत होती. हिनं मुद्दाम उखाणा घेतला:

"पणती लावून बसते मी दाराशी,
कुंडलिकरावांचं नाव घेते, दिवाळी माझी उपाशी."

मला म्हणाली, "माझं नाव ऐकून कोण येणार हाय? त्यांचं ऐकून येतील."

त्या वर्षी दुकानात बार्शीचा एक अडत्या बसला होता. मी ती तबकडी लावली, तसा तो शहाणा बोलून गेला, "हा कुंडलिक आमच्याच गल्लीत राहतो. रोज लावतो हे गाणं. पण उखाणा आला की पिन उचलतो. घरात दुसरी बायको आहे ना!"

गोजरबाई दारातच उभी होती.

"गाणं सगळं ऐकत्यात न्हवं?" तिनं विचारलं.

"सगळं," तो ओशाळून म्हणाला.

मी तिच्यासाठी बांधून ठेवलेली उटण्याची पुडी तिनं माझ्यापुढं परत सरकवली.

"हे ऱ्हाऊ द्या. तेल नेते, दिव्याला हुईल."