गौस मणेराच्या गाडीला काय लावावं

उचगावच्या गौस मणेराने पन्नाशी ओलांडल्यावर मोटारसायकल घेतली, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाला एकच चिंता लागली. आता हिला काय काय लावायचं? चालवायला शिकवायला कोणी पुढे आलं नाही, सल्ला द्यायला मात्र रीघ लागली.

गौसचा धंदा बांगड्यांचा, आजोबांपासून चालत आलेला. शिवाजी पूल ओलांडला की वडणग्यापासून थेट कुशिऱ्यापर्यंतची गावं त्याच्या घराण्याची. त्या गावांत लग्न ठरलं की आधी भटजीला सांगावा जाई आणि पाठोपाठ मणेराला. नवरीचा हिरवा चुडा त्यानेच भरायचा. बायका त्याला मामा म्हणत आणि निर्धास्तपणे त्याच्या हातात हात देत. चुडा भरून झाला की नवरी पाया पडे आणि गौस डोळे मिटून तिच्यासाठी दुआ मागे. यात कुणालाच काही वेगळं वाटत नसे.

वडील बांगड्यांची ओझी खांद्यावर टाकून चालत हिंडले. गौसने सायकल घेतली. खड्डा आला की उतरायचं, सायकल हातात धरून चालायचं, रस्ता बरा लागला की पुन्हा बसायचं. असं करता करता गुडघे बोलू लागले. केर्लीच्या पुढचा चढ आला की ते नुसते बोलत नसत, शिव्या घालत. म्हणून अठ्ठ्याहत्तर साली त्याने एका गवळ्याची जुनी राजदूत घेतली. गवळ्याने मागची सीट काढून कॅनसाठी लोखंडी कॅरेज बसवलं होतं आणि दुधाचं वजन पेलायला मागे कडक स्प्रिंगा टाकल्या होत्या. इंजिन मात्र खणखणीत होतं.

गौसचा मेहुणा कुतुबुद्दीन त्याला कोल्हापूरला उद्यमनगरात कृष्णात मिस्त्रीकडे घेऊन गेला. कुतुबुद्दीनला दुसऱ्याच्या गाडीची फार हौस.

"दाजी, म्होरं गार्ड पायजे. आणि हॉर्न असा पायजे की केर्लीत वाजवला की कुशिऱ्यातल्या बायकांनी हात धुऊन बसावं!"

कृष्णात म्हणाला, "मामा, आधी चालवून तर बघा महिनाभर. मग ठरवा."

"महिनाभर बघायला ही काय म्हस हाय व्हय?" कुतुबुद्दीन म्हणाला.

गार्ड बसलं. हॉर्नही बसला. गाडी पुढून फौजदाराची दिसायला लागली आणि मागून गवळ्याचीच राहिली.

पहिलीच मोठी फेरी कुशिऱ्याला होती. तिथल्या शेवंताबाई म्हणजे भरल्या घराच्या कर्त्या आजी. त्यांच्या नातीचा, ललिताचा साखरपुडा होता. गौसने बांगड्यांची पेटी पेंढा घालून कॅरेजवर आवळून बांधली आणि हॉर्न वाजवत गावात शिरला. अंगणात बायका गोळा झाल्या. ललिता पुढ्यात येऊन बसली. गौसने झाकण उघडलं.

आत हिरव्या काचेचा चुरा होता. वरच्या थरातल्या चार-दोन बांगड्या तेवढ्या शाबूत.

एखादी बांगडी पिचकली तर त्याचं कुणी काही मानत नाही. भरताना पिचकतेच. पण नवरीसमोर पेटीच्या पेटी अशी उघडावी? ललिताच्या आईने पोरीला दंडाला धरून उठवलं आणि आत नेलं. गौसचे हात झाकणावरच राहिले.

शेवंताबाई मोठ्याने बोलल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. "गौस, तुझ्या बापानं माझा चुडा भरला. सुनेचा तू भरलास. पर लग्नाच्या चुड्याला असली पेटी उघडलीस, तर मला दुसरा माणूस बघावा लागंल. मग राग मानायचा न्हाय."

शेवंताबाईंच्या घरचा माणूस बदलला की कुशिरे बदलणार, आणि कुशिऱ्यामागोमाग सगळी पंचक्रोशी. गौसला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. लग्न महिन्यावर आलं होतं.

तो सरळ कृष्णातकडे गेला. कृष्णातने गाडीचा मागचा भाग हाताने दाबून बघितला. तो हललासुद्धा नाही.

"मामा, ह्या स्प्रिंगा दुधाच्या कॅनसाठी हायत्या. तुमची काच हलकी. बारक्या खड्ड्यात बी गाडी उडती आणि पेटी आत नाचती."

मऊ स्प्रिंगा घातल्या. गौसने घरी येऊन जुन्या, न खपलेल्या बांगड्या पेटीत भरल्या आणि गाडी पुलापर्यंत नेऊन परत आणली. चुरा कमी झाला, पण झालाच. पेंढ्याऐवजी कापूस घातला, कॅरेजवर गोधडीची घडी टाकली, पेटी टाकीवर बांधून पाहिली. टाकीवर ती पोटाला लागे आणि हॅंडल वळेना. दर खेपेला त्याची बायको शमशाद दारात सुपात काच गोळा करी. एकदा तिच्या बोटात काचेची कुच घुसली.

"इका ही गाडी," ती बोट तोंडात धरून म्हणाली. "सायकल बरी हुती."

"सायकल बरी हुती, पर गुडघं कुठनं आणू?"

"मग यष्टीनं जावा."

"यष्टी कुशिऱ्यात कुठं जाती? फाट्यावर सोडती. तिथनं चालायचं तर मग गुडघंच की."

शमशादने सूप झटकलं. "यष्टीत एक फुटायची न्हाय. अम्मीबरुबर मी कितींदा गेलो असंल, टोपली मांडीवर घिऊन. डायवर कसाबी हाणूदे. मांडी हलती तशी टोपली हलती."

अम्मी म्हणजे गौसची आई, सुलतानबी. गौस उंबऱ्यावर बसून गाडीच्या कॅरेजकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग तू बस की."

"कुठं?"

"मागं. पेटी घिऊन."

शमशाद हसायला लागली. मग तो हसत नाही असं बघून थांबली. "ह्या वयात? डोक्यावरचा पदर धरू, पेटी धरू, का तुमास्नी धरू? आणि पडलो म्हंजे? बांगड्या ऱ्हाऊद्या, मलाच गोळा कराय लागंल सुपात."

ती नाही म्हणाली नव्हती, हे गौसच्या ध्यानात आलं. पडण्याचं भय तेवढं काढायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी कृष्णातच्या दारात गाडीवरून एक एक वस्तू उतरू लागली. गार्ड निघालं, हॉर्न निघाला, कॅरेज निघालं. त्यांच्या बदल्यात कृष्णातने दुसऱ्या एका राजदूतची लांब सीट मिळवली आणि आत नवीन फोम भरला. डाव्या बाजूला दोन्ही पाय टेकतील एवढी रुंद लोखंडी पट्टी जोडली. लुगड्याचा काठ चाकात जाऊ नये म्हणून चाकाला जाळी लावली आणि सीटच्या कडेला धरायला कडी. कुतुबुद्दीन बघत उभा होता. त्याचा जीव तुटत होता.

"दाजी, मोटारसायकल घेतलीसा का टांगा?"

"टांगाच म्हण," गौस म्हणाला. "सवारी तुझी भन हाय."

शमशादने आधी पेटीशिवाय गल्लीत एक चक्कर मारली, मग उचगाव ते रेल्वे फाटक. पहिल्यांदा ती एवढी घट्ट धरून बसली की कडीचा वण तळहातावर उमटला. हळूहळू ती सैल झाली. मग तिने टोपलीभर बांगड्या मांडीवर घेतल्या, एका हाताने कवळ मारली आणि म्हणाली, "चला." परत आल्यावर गौसने टोपली उचलू दिली नाही, स्वतः उघडली. एक पिचकली होती. उतरताना टोपली दारावर आपटली, असं शमशादच म्हणाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दोघं निघाली. कोल्हापुरातून पूल ओलांडून वडणगे सुटेपर्यंत रस्ता बरा होता. मांडीवर पेटी, पेटीवर पदर, आणि गौसच्या पाठीमागून सारखं चालू होतं, "हळू. म्होरं खड्डा हाय. अवो, हळू म्हंतो न्हवं!" केर्लीच्या पुढे रस्ता खोदून ठेवला होता. गौसने गाडी थांबवली. शमशाद न सांगता उतरली आणि पेटी पोटाशी धरून कडेकडेने चालत निघाली. गौस रिकामी गाडी दगडांतून नेत पुढे जाऊन थांबला. ती घामाघूम होऊन आली, बसली, पुन्हा म्हणाली, "चला." पोचायला उशीर झाला, पण त्या दिवशी गौसला घाई कशाचीच नव्हती. भीती मात्र होती. आपल्या मागे काच वाजते आहे असं त्याला सगळ्या वाटेत वाटत होतं.

मांडवात बायका जमल्या होत्या. शेवंताबाई जात्याशेजारी बसल्या होत्या. शमशाद खाली बसली आणि तिने पेटी मांडीवरून उतरवून पुढ्यात ठेवली. गौसने दोरी सोडली, पण झाकण उघडायच्या आधी एकदा शेवंताबाईंकडे बघितलं.

"सरका," शमशाद म्हणाली आणि तिने झाकण काढलं.

गौसने आधी ऐकलं, मग पाहिलं. तिने बोटं घालून बांगड्यांचा एक जुडगा उचलला आणि तो किणकिणला, सगळाच्या सगळा. खाली दुसरा थर, त्याखाली तिसरा. हिरवीगार काच. तिने तळाचा कापूससुद्धा काढून दाखवला. त्यात एक कण नव्हता.

शेवंताबाईंनी वाकून पेटीत बघितलं. मग ललिताला हाक मारली, "ये गं. बस हितं."

ललिताने हात पुढे केला, पण तो गौसकडे गेला नाही, शमशादकडे गेला. शमशादने गौसकडे पाहिलं. घरी ती उचगावच्या बायकांना रोजच बांगड्या भरत होती, पण नवरीचा चुडा तिने कधी भरला नव्हता. गौसने मान हलवली. शमशादने ललिताचा पंजा दोन्ही हातांत घेऊन मऊ दाबला आणि पहिली बांगडी एकही ओरखडा न उठवता मनगटावर सरकवली. मागच्या बायका पुढे सरकल्या. आता सगळ्यांनाच हात पुढे करायचे होते, आणि बाईमाणूस भरणार म्हटल्यावर एरवी दारामागे उभ्या राहणाऱ्या सुनाही बाहेर आल्या.

"गौस," शेवंताबाई म्हणाल्या, "धाकटीचं बी पुढच्या साली निघंल. दोघं बी या." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्यो बोंबलणारा भोंगा कुठं गेला रं तुझा?"

"काढला, आक्का."

"लई ब्येस केलंस. त्या दिवशी म्हस बुजली हुती आमची."

गौस मांडवाबाहेर आला. कुणी तरी त्याच्या हातात चहाची बशी दिली. तो खांबाला पाठ टेकून बसला आणि त्याने पाय लांब पसरले. आत ललिता वाकून शमशादच्या पाया पडत होती आणि शमशाद गडबडून पाय मागे घेत होती. बायका हसल्या. मग शमशादचा हलका आवाज आला, दुआ मागताना येतो तसा. गौसने चहा अर्धाच प्यायला. महिनाभर त्याला नीट झोप नव्हती. बशी बाजूला ठेवली आणि तो तिथेच, भर दुपारी, मांडवाच्या गलक्यात गाढ झोपी गेला. त्याला कुणी उठवलं नाही. आत अजून बऱ्याच बायकांचे हात बाकी होते.