वाचनालयाची फरशी आणि माझी साडी

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, “आजी, तू टाइल्सची साडी का नेसली आहेस?” सगळे हसले, पण तिचं बरोबर होतं. ती साडी खरंच एका फरशीची आहे. डिसेंबरमध्ये तुम्ही सुरतला याल तेव्हा मी तुम्हाला त्या फरशीवर उभं करणार आहे. त्याआधी तिची गोष्ट तुम्हाला ठाऊक असावी, म्हणून आजच लिहायला बसले.

लग्नानंतर मी या गावात आले तेव्हा मला गुजराती येत नव्हती. पुण्यात इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि बोलायला कोणी नव्हतं. तुमच्या आजोबांनी मला वाचनालयात नेऊन सोडलं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली ती इमारत : टोकदार दगडी कमानी, सागवानी छत, उंच खिडक्यांना लाकडी झडपा. दुपारी झडपांतून उन्हाच्या पट्ट्या आत येत आणि फरशीवर पडत. ती फरशी विलायतेहून जहाजाने आलेली. विटकरी जमिनीवर पांढरी फुलं, कडेने निळी वेल. कादंबरीत जीव रमला नाही की मी फुलं बघत बसे.

मग तापीचा मोठा पूर आला. गाळ निघाला, पण पुरता नाही. त्यावरच दर दिवाळीला मेणाचं पॉलिश होत गेलं. गाळ पॉलिशखाली, त्यावर पुन्हा पॉलिश. होता होता फरशी शेणाने सारवल्यासारखी दिसू लागली आणि खाली फुलं आहेत हे लोक विसरले.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर वाचनालयाला एक दाते भेटले. इथल्या पर्वत पाटिया भागात त्यांचा साड्यांचा व्यापार आहे. आईच्या स्मरणार्थ त्यांनी वाचनकक्षाला पांढऱ्या चकचकीत टाइल्स देऊ केल्या. जुन्या फरशीवरच सिमेंट टाकून त्या बसवायच्या. व्हरांड्यात खोकी येऊन पडली. मी ग्रंथपालांकडे गेले.

“इमारत हेरिटेजमध्ये आहे ना?”

“आहे ना, मॅडम. पण ते दर्शनी भागाचं. आत काय, सुधारणा चालतात.”

“खाली नक्षी आहे.”

“कुठे?” त्यांनी खरोखरच टेबलाखाली वाकून पाहिलं. “मला तर काही दिसत नाही.”

कारागीर सोमवारी यायचे होते. रविवारी सकाळी वाचनालय बंद असतं. तेवढा वेळ ग्रंथपालांनी मला दिला, वर हसून म्हणाले, “फक्त पाय घसरून पडू नका.”

इथल्याच लिंबायत भागातल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेली माझी मैत्रीण तुम्ही पाहिली आहे. मूळची धुळ्याकडची, आवाज अजून वर्गातलाच. रविवारी ती ॲसिडची बाटली घेऊन हजर.

“अगं, फरशी धुवायची आहे, जाळायची नाही!”

“मग तू काय आणलंस?”

“रिठे.”

“काय वं माय! फरशीला न्हाऊ घालतेस का?”

पण जरीच्या साडीला चालतं ते फरशीलाही चालेल, असा माझा हिशेब होता. ऊन पाणी, रिठ्याचा फेस आणि नारळाचा काथ्या घेऊन आम्ही दोघी पदर खोचून बसलो. बराच वेळ नुसतं तपकिरी पाणी निघालं. मग एक पांढरी पाकळी दिसली. मैत्रीण काथ्या जोरात फिरवू लागली. चटईएवढी जागा साफ झाली तेव्हा दोघींनाही हसू आवरेना.

तेवढ्यात खोकी बघायला दाते स्वतः आले. आम्हाला पाहून दारातूनच म्हणाले, “ओ बेन, शुं काम घसो छो? काले तो उपर नवी टाइल्स लागशे.” म्हणजे, कशाला घासताय, उद्या तर वर नव्या टाइल्स बसणार.

“इकडे या, शेठ,” मैत्रीण वर्गातल्या आवाजात म्हणाली. “चपला तिथेच काढा.”

ते निमूट चपला काढून आले. आधी उभ्यानेच पाहिलं, मग उकिडवे बसले, मग चक्क गुडघ्यांवर आले. बोट एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेत पुटपुटले, “आ तो डिझाइन छे! रिपीट बी केवुं चोख्खुं!” साडीवर छापताना नक्षी जिथे संपून पुन्हा सुरू होते, त्याला त्यांच्या धंद्यात रिपीट म्हणतात. त्यांनी फोन काढून फोटो घेतले. मग एकदम चेहरा पडला.

“पण बेन, मारी बानुं नाम? आईचं नाव दाराशी लावायच्या टाइलवर कोरून तयार आहे.”

“जमिनीवर?” मी विचारलं.

“देवळात लावतात ना. भक्तांच्या पायाची धूळ लागते, पुण्य मिळतं.”

“देवळात लोक चपला बाहेर काढून येतात, शेठ,” मैत्रीण म्हणाली. “इथे परीक्षेची पोरं बूट घालून येतात. चालेल तुमच्या बाला?”

मला वाटलं शेठ रागावले. ते मान खाली घालून फुलांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले की, लहानपणी ते इथे चित्रांची पुस्तकं बघायला येत. आई आत येत नसे, तिला वाचता येत नव्हतं. ती व्हरांड्यात दगडावर बसून राही.

“मग तिला तिथेच बसायला काहीतरी द्या की,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले. हसताना डोळे पुसले. मग लोचो, म्हणजे सुरतचा वाफवलेल्या चणाडाळीचा गरम नाश्ता, मागवला, आणि आम्ही तिघांनी तो व्हरांड्यात टाइल्सच्या खोक्यांवर बसून खाल्ला. सोमवारी ती खोकी परत गेली.

महापालिकेचे हेरिटेजवाले नंतर येऊन गेले. त्यांनी आतली फरशीही कागदोपत्री घेतली आणि सिमेंट लावायचं नाही, फटी चुन्यानेच भरायच्या, असं सांगितलं. उरलेली धुलाई आम्ही पुढच्या रविवारांना पुरी केली. तोवर मदतीला वाचकही आले होते. ग्रंथपाल स्वतः बादल्या भरत होते आणि ज्याला त्याला सांगत होते, “खाली नक्षी आहे, मला माहीतच होतं!” मैत्रिणीने त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढची बादली त्यांनी न बोलता आणली.

शेठने ती नक्षी साडीवर छापली. पहिल्या दोन साड्या आम्हा दोघींना आल्या. मैत्रीण म्हणते, तिच्या साडीत निळी वेल जरा वाकडी आहे. नाहीये.

व्हरांड्यात आता एक लाकडी बाक आहे. पाठीवर शेठच्या आईचं नाव आहे. लोक त्यावर बसून चपला काढतात आणि अनवाणी आत जातात. छत, कमानी, झडपा जागेवर आहेत. दारापाशी काही फरशा फुटलेल्या आहेत, त्या तशाच ठेवल्या आहेत. बाकी फरशी शाबूत आहे.