चर्चची उत्तर भिंत आणि सुपडूनाना

पारोळ्याहून कार्ड आलं तेव्हा मी शाळेला निघालो होतो. कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला आणि वाचण्याआधीच कळलं, कुणीतरी गेलं. सुपडूनाना गवंडी गेले. त्याला आता दीड महिना होईल. जळगावच्या आमच्या मेथडिस्ट चर्चची भिंत त्यांनी वाचवली. त्यांच्याविषयी लिहायला बसायला मला एवढे दिवस लागले, त्याला कारण आहे.

स्वातंत्र्य आलं आणि पाठोपाठ आमचे गोरे पाद्री मायदेशी परतले. मागं राहिलं ते दगडविटांचं जुनं चर्च, चाळीसेक घरांची मंडळी आणि तिचा चिटणीस म्हणून मी, शाळामास्तर. छपराची कौलं आम्ही कशीबशी बदलली. पण उत्तरेकडच्या भिंतीला पोट आलं होतं. जुनं चुन्याचं काम जाणणारा माणूस शोधता शोधता नाना सापडले. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून नारळ काढला. आमचे नवे, देशी पाद्रीबुवा बावरले. नाना हसले, आवाराबाहेरच्या निंबाखाली जाऊन त्यांनी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा पाद्रीबुवांच्याच हातावर ठेवला. पाद्रीबुवांनी तो खाल्ला, तशी मंडळीतली कुजबुज थांबली. चर्चमध्ये शिरताना नाना वहाणा दाराशी काढत. आम्ही बूट घालून बाकांवर बसणारी माणसं; काही दिवसांनी आमचं आम्हालाच ओशाळवाणं वाटू लागलं.

नानांचं काम गोगलगायीच्या चालीचं. चुना महिनाभर कुंडात मुरवायचा, मग बैल जुंपलेल्या दगडी घाण्यात मळायचा, त्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घालायचा. एक थर वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. मला मात्र भिंत नाताळापर्यंत पुरी हवी होती. गोरे गेले आणि चर्च पडलं, असं कुणी म्हणू नये, ही तळमळ होती खरी. पण तिच्यात माझी मिजासही थोडीथोडकी नव्हती. परमिटवर मिळणारं सिमेंट मी खटपटी करून मिळवलं. बैठकीत दोघंतिघं म्हणाले, नानांचं ऐका. मी हट्टानं सिमेंट मंजूर करून घेतलं. आणि नानांना सांगायला गेलो तेव्हा माझ्या तोंडून निघालं ते असं, "नाना, मी पुष्कळ सांगून पाहिलं... मंडळी ऐकत नाही."

नाना भिंतीला हात लावून उभे होते. "मास्तर, हाई भितना आंगमा पानी शे. वरथीन सिमिट लावशात, ते मंग ते पानी कोठे जाई?" एवढंच बोलले आणि सामान आवरून निघून गेले. दुसऱ्या गवंड्यानं आठ दिवसांत भिंत गुळगुळीत करून दिली. त्या नाताळात पुष्कळांनी माझी पाठ थोपटली.

पुढच्या पावसाळ्यात भिंत फुगली. गिलाव्याचे खपलेच्या खपले पडू लागले, त्यांच्याबरोबर आतल्या विटांचा भुगा. मी खाली मान घालून पारोळ्याला गेलो. वाटलं होतं, नाना चार शब्द सुनावतील. त्यांनी चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं आले. सिमेंट काढायचं म्हणजे छिन्नीनं टीचभर टीचभर फोडायचं. त्यातलीच एक कपची उडून त्यांच्या उजव्या डोळ्यात गेली. डोळा वाचला नाही. दवाखान्यात मी उशाशी बसून होतो. खरं सांगून टाकावं, असं दहादा ओठांवर आलं... तेवढ्यात नानांनीच माझा हात धरला. "तुम्ही कसाले रडतस, मास्तर? तुमना काय दोष शे?" मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची लाज मला आजही वाटते.

उरलेल्या एका डोळ्यानं नानांनी ती भिंत चुन्यात पुरी केली. वर्ष लागलं. मी एकदाही घाई केली नाही. नंतर दर पावसाळा सरला की ते येत, भिंतीवर गाल टेकवून ओल चाचपत आणि आमच्याकडे जेवून परत जात. दरवर्षी ठरवायचो, यंदा सांगायचं. दरवर्षी जेवणं व्हायची, नाना सुपारी कातरत पाऊसपाण्याचं बोलायचे आणि गाडीची वेळ व्हायची.

कार्ड मिळाल्यावर मी पारोळ्याला गेलो. नानांच्या पत्नी, अक्का, आतून फडक्यात बांधलेली थापी घेऊन आल्या. "बठ्ठा मना उलटा व्हतात, एकला मास्तरच मना बाजूले व्हता, असं ते शेवटलोंग सांगेत. हाई थापी तुमलेच देवानी, असं सांगी गयात." मी ती दोन्ही हातांनी घेतली. तिथंच बोलायला हवं होतं. अक्कांच्या तोंडाकडे पाहिलं आणि धीर झाला नाही...

थापी माझ्या टेबलावर आहे. तिच्या लाकडी मुठीवर नानांच्या अंगठ्यानं खोलगट जागा पडली आहे. माझा अंगठा मी तिथं अजून टेकवलेला नाही. अक्कांना वाचता येत नाही. हा लेख छापून आला की तो घेऊन मी पारोळ्याला जाणार आहे आणि ओसरीवर बसून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. थापीही सोबत नेईन. ती पुन्हा माझ्या हाती द्यायची की नाही, ते अक्का ठरवतील.