निर्लेखन कुठं आलं?

हातात दगड दिला की मावशी म्हणायच्या, "बघू द्या की," आणि डोळे मिटून घ्यायच्या.

पहिल्यांदा मला वाटलं, बाई माझी फिरकी घेतायत. पण मिटल्या डोळ्यांनी त्यांचा अंगठा दगडावरून सावकाश फिरायचा, एखाद्या कंगोऱ्याशी थांबायचा, परत मागे यायचा. मग डोळे उघडून निकाल. "करंजी. तिसरं कपाट, वरनं दुसरा कप्पा. कच्छची हाय." आपण चिठ्ठी काढून बघावी, तर चिठ्ठीवर कच्छच लिहिलेलं असायचं. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही चार दगड मुद्दाम उलटसुलट करून त्यांना पुन्हा दिले असते. मी दिले होते. चारही बरोबर आले आणि वर "झालं का समाधान?" हेही ऐकावं लागलं.

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात त्या भूशास्त्र विभागात सफाईला होत्या. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच सोलापुरी मराठी. लहानपणापासून विड्या वळलेल्या, त्यामुळे बोटं तयार झालेली. वाचता मात्र येत नव्हतं. आकडे कळायचे आणि पगारपत्रकावर स्वतःचं नाव काढता यायचं, तेवढंच.

त्या विभागाच्या जुन्या सरांनी आयुष्यभर हिंडून जीवाश्म जमवले होते. कच्छहून, द्वारकेकडून, नर्मदेच्या खोऱ्यातून, पार तिरुचिरापल्लीहून. प्रवासाहून आले की ते पोतं सोडायचे आणि एकेक दगड काढून तो कुठे, कशात सापडला ते सांगत बसायचे. ऐकायला खोलीत मावशींशिवाय कोणी नसायचं. ती लॅटिन नावं काही मावशींच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपली स्वयंपाकघरातली नावं ठेवली. शिंपला म्हणजे करंजी. गोल वेटोळ्याचा शंख म्हणजे चकली. भोकाभोकांचं प्रवाळ म्हणजे झारा. दर शनिवारी ओल्या फडक्याने त्या सगळा संग्रह पुसायच्या आणि पुसताना तेलुगूत मोजायच्या, ओकटी, रेंडू, मूडू. एखादा कमी भरला तर विद्यार्थ्यांचे खिसे तपासायला मागेपुढे पाहायच्या नाहीत.

पुढे सर निवृत्त झाले, काही वर्षांनी वारलेही. भूशास्त्राला मुलं येईनात, विभाग बंद झाला. मावशींची बदली माझ्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली, पण शनिवारचं फडकं त्या बंद खोलीत चालूच राहिलं. "आता कोण येतंय बघायला, मावशी?" असं मी एकदा म्हणालो.

"धूळ यायची थांबली व्हय, सर?" त्या म्हणाल्या आणि बादली घेऊन गेल्या.

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो. मला मत्स्यालयासाठी जागा हवी होती आणि ती खोली अगदी शेजारची होती. मी अर्ज केला. ऑफिसने निर्लेखन काढलं. निर्लेखन म्हणजे एखादी वस्तू नोंदवहीतून कायमची काढून टाकणं. मोडक्या खुर्च्यांचं करतात, जळक्या पंख्यांचं करतात. आमच्या तिघांच्या समितीने दगडांचं केलं. कागदावर शब्द होते, 'निरुपयोगी व कालबाह्य दगड, अंदाजे चार पोती.' कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वस्तूला कालबाह्य म्हणण्यातला विनोद मला तेव्हाही कळला होता. मी हसलो आणि सही केली. कपाटं सागवानी होती, ती तेवढी ठेवून घेतली.

हे झालं तेव्हा मावशी मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या. दीड महिन्याने आल्या आणि त्या खोलीतून बाहेर येऊन माझ्या प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या.

"सर, दगडं कुटं गेली?"

"ऑफिसात विचारा," मी म्हणालो. सूक्ष्मदर्शकात डोळा घालून म्हणालो, म्हणजे वर बघावं लागलं नाही.

थोड्या वेळाने त्या परत आल्या. "निर्लेखनला गेली म्हणत्यात. निर्लेखन कुटं आलं, सर? यष्टी जाती का तितं?"

मी काय केलं सांगू? मी ही गोष्ट स्टाफरूममध्ये जाऊन सांगितली. आम्ही पोट धरून हसलो. पुढे कोणी रजेवर गेलं की 'निर्लेखनला गेलाय' म्हणायची आमच्यात पद्धतच पडली. मावशी चहा घेऊन यायच्या तेव्हाही कोणीतरी म्हणायचं. त्यांना त्या शब्दाचा अर्थ कधी कळला, कोणी सांगितला, मला माहीत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. शनिवारचं फडकं माझ्या बरण्यांवरून फिरायला लागलं.

सात वर्षं गेली.

एका हिवाळ्यात मी मुलांना घेऊन गोगलगाईंचे शंख जमवायला वळसंगच्या बाजूला गेलो होतो. रस्त्याकडेच्या एका खड्ड्यात, भरावाच्या मातीतून, एका विद्यार्थिनीने मुठीएवढा दगड आणून दिला. दगडाला भोकं, आणि प्रत्येक भोकात चांदणीसारखे पडदे. प्रवाळ! आता आपल्याकडचा खडक लाव्हाचा. त्यात जीवाश्म सापडलेच तर तळ्यातल्या गोगलगाई सापडतील. प्रवाळ वाढायला समुद्र लागतो. म्हणजे सोलापुरात समुद्र होता आणि तो मला सापडला होता. घरी पोचेपर्यंत माझा शोधनिबंध मनात लिहून झाला होता. शीर्षकात माझं नावसुद्धा घालून बघितलं.

सोमवारी मोठ्या तोऱ्यात तो दगड मी मावशींच्या हातावर ठेवला.

त्यांनी डोळे मिटले. अंगठा फिरला, थांबला, आणि तिथेच राहिला.

"झारा," त्या म्हणाल्या. "दुसरं कपाट, खालचा कप्पा. द्वारकेकडचा."

"मावशी, हा वळसंगजवळ सापडलाय."

"सापडू दे की. हितं बगा, कडंला. माझ्याच हातनं पडून तुटला व्हता. सरांनी चिकटवला. लई रडले व्हते मी तवा."

मी भिंग घेतलं. कडेला चिकटवल्याची पिवळी रेघ सरळ दिसत होती. माझा समुद्र जागच्या जागी आटला. आणि त्याच्याखाली काय होतं ते मला लगेच कळलं. निर्लेखनाचा माल उचलणाऱ्या ठेकेदाराने आमची चार पोती नेऊन भराव म्हणून ओतली होती.

मावशींनी दगड पदराने पुसला. "म्हंजे निर्लेखन हितं वळसंगाकडं हाय व्हय," त्या म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या, जीपमधून त्या खड्ड्यावर गेलो. मग दर रविवारी. एक पोतं, दोन खुरपी, मावशींची भाकरी आणि शेंगाची चटणी. येणाराजाणारा विचारायचा, "काय गावतंय, आज्जी? सोनं हाय काय?" मावशी मान वर न करता सांगायच्या, "करंज्या गावत्यात. येतास का तळायला?"

चिठ्ठ्या केव्हाच गळून गेल्या होत्या, पांढऱ्या रंगातले नंबर मातीत घासून गेले होते. कुठल्या दगडाचं गाव कुठलं, हे आता फक्त मावशींच्या डोक्यात शिल्लक होतं, आणि त्यांची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. त्या सांगायच्या, मी वहीत लिहायचो. सुरुवातीला मी माझी विद्वत्ता मधे घालायचो. एक गोलसर कवच बघून मी खुशाल 'शिंपला' लिहिलं.

"करंजी न्हाय ही, नाकवाली हाय," त्या म्हणाल्या.

"दोन शिंपा आहेत की, मावशी."

"दोन हायत, पर मधी बगा. ह्याला मधोमध नाक हाय, आन् नाकाच्या दोन्ही अंगाला सारखं. करंजीचं तसं नसतं. करंजीला एकीकडं कान असतो."

रात्री पुस्तक काढून बसलो. शिंपल्यासारखा दिसणारा, पण वेगळाच प्राणी असतो, ब्रॅकिओपॉड. आणि त्याला ओळखायची खूण अगदी हीच, की कवचाचा मध्य धरला तर दोन्ही बाजू सारख्या. मी एमएस्सीला हे पाठ केलं होतं आणि विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी वहीत दुरुस्ती केली. मावशींनी "आता बरूबर लिवलं का?" एवढंच विचारलं.

एक प्रवाळ मात्र त्यांनाही लागेना. तीनदा डोळे मिटून पाहिलं. "ह्याचं ध्यानात न्हाय," म्हणाल्या. मी म्हटलं, घालू या कच्छ, कोण बघायला येणार आहे? त्या एवढ्या रागावल्या, की मी खुरपं खाली ठेवलं. "गाव म्हाईत नसताना गाव लिवायचं? त्यापरीस तितंच पडू द्या त्याला." मग मी 'ठिकाण माहीत नाही' असं लिहिलं आणि ते त्यांना दोनदा वाचून दाखवलं.

रविवारामागून रविवार माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. बाईंना सांगायला हवं. सही माझी आहे, जागा मलाच हवी होती. आज सांगू, उद्या सांगू करत मी ते ढकलत होतो, कारण त्या खड्ड्याच्या कडेला बसून भाकरी खाताना मला फार बरं वाटायचं, आणि ते बरं वाटणं मला गमवायचं नव्हतं.

शेवटी त्याच बोलल्या. दुपारची वेळ, हातात भाकरीचा तुकडा.

"सर, एक सांगायचं व्हतं. लई वर्सं झाली, धीर हुईना. ती फाईल मीच आणली व्हती."

"कुठली फाईल?"

"दगडाची. लेकीकडं जायच्या आदल्या दिवशी सायबानं दिली. म्हणले, तिघांच्या सह्या आण. मी आणल्या. तुमच्या टेबलाजवळ उभी व्हते, ध्यानात हाय का? तुमचं पेन चालंना, तर माझ्याजवळचं पेन मी दिलं तुमाला." त्यांचा आवाज बारीक झाला. "मला काय म्हाईत, त्यात माझीच दगडं हायत. वाचता आलं असतं, तर फाईल घिऊन घरी गेले असते मी. देवापुढं रोज म्हणते, माझ्या हातानं गेली. तुमी तर काय, ढीगभर फायली यीत्यात, न बगता सही केली असंल."

मला तिथे गप्प बसता आलं असतं. त्यांनी माझी सुटका आयती करून ठेवली होती. पण सात वर्षं ही बाई माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन हिंडत होती, आणि माझ्या घशाखाली तिची भाकरी उतरत होती.

"मावशी, मला वाचता येत होतं," मी म्हणालो. "सगळं वाचलं होतं मी. जागा मलाच पाहिजे होती. अर्जही माझाच होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वाचूनशान केली?"

"हो."

भाकरी त्यांनी फडक्यात परत बांधली. दुपारभर त्या खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उकरत राहिल्या. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसल्या. पुढचे दोन रविवार आल्या नाहीत, आणि प्रयोगशाळेत माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास मी स्वतःच भरायला लागलो. राग यायलाच हवा होता. मला त्यांच्या रागापेक्षा, त्या माझ्याबद्दल जे चांगलं समजत होत्या ते गेलं, याचं दुःख जास्त झालं. हेही आपलं माझ्या स्वभावाला धरूनच.

तिसऱ्या रविवारी मी वडापच्या थांब्यावर एकटाच उभा होतो. त्या आल्या, "चला," म्हणाल्या. दिवसभर कामापुरतं बोललो. त्या दिवशी नशिबाने बरंच सापडलं, पोतं जड झालं. आजवर ते रस्त्यापर्यंत आम्ही दोघं दोन टोकं धरून आणायचो. त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं, आणि माझ्या पाठीवर दिलं.

"सात वर्सं मी वागवलं, सर," त्या म्हणाल्या. "आता तुमी वागवा."

आणि पुढे चालायला लागल्या. माफ केलं असं त्या तेव्हा म्हणाल्या नाहीत, नंतरही नाहीत. पण त्यांची चाल मोकळी झाली होती, हे मी मागून येताना पाहिलं.

निवृत्तीपर्यंत दोन कपाटं भरली. तिसऱ्यात अजून मोकळे कप्पे आहेत. मावशी मुलीकडे हैदराबादला गेल्या आणि वर्षाच्या आत तिकडेच वारल्या. मुलीचा फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या ड्यूटीवर होतो. फोन ठेवला आणि वर्गात परत गेलो. मुलांनी पुरवण्या मागितल्या त्या दिल्या. रडू घरी आल्यावर आलं. खड्ड्यावर आता प्लॉट पडलेत, तिथे उकरू देत नाहीत.

मावशींच्या जागी कंत्राटावर नव्या बाई आल्यात. फाईल घेऊन आल्या की मी त्यांना समोर बसवतो आणि आत काय लिहिलंय ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतो. सही त्यानंतर. ऑफिसात माझ्यावर हसतात, फायली उशिरा येतात म्हणून ओरडतात.

परवा त्या बाई कंटाळून म्हणाल्या, "मला कशाला वाचून दाखवताय, सर? मी नुसती आणणारी हाय. सही तर तुमची की."

"बसा," मी म्हणालो, आणि पुढचं पान वाचायला घेतलं.