कापूस भरलेली बंडी

मी दारू सोडली तेव्हा पन्नाशी उलटली होती, आणि माझ्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही. बसावा तरी कसा? त्याआधी सात वेळा सोडली होती, आणि सातही वेळा पोरीच्या डोक्यावर हात ठेवून.

अमरावतीच्या शिवेवर आमचा भाजीपाल्याचा मळा होता. सकाळी वांगी, मिरच्या, सांभार, म्हणजे कोथिंबीर, गावात जायचा आणि संध्याकाळी मी गुत्त्यात. येताना पुडीत भजी, घरी आल्यावर पुन्हा जेवण. पोट असं सुटलं होतं की बंडीची फक्त वरची दोन बटणं लागत. लोक त्याला खात्यापित्या घरची खूण म्हणायचे, आणि मीही पोटावर हात फिरवत ते ऐकून घ्यायचो.

आठव्यांदा सोडली ती मोटेमुळे. त्या दिवशी मोट हाकणारा गडी भाकर खायला गेला होता. मी दुपारीच घेऊन आलो होतो, आणि मोट हाकायची हुक्की आली. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले, पाणी वर आलं, ते ठीक झालं. नंतर बैलांना मागे विहिरीकडे आणायचं असतं आणि काठाच्या अलीकडे थांबवायचं असतं. मी थांबवलंच नाही. त्यांना मागे बोलवत राहिलो, आणि मी स्वतः बैल आणि विहीर यांच्या मधे उभा. एका बैलाचा मागचा पाय काठाच्या दगडावर आला तेव्हा पोरगी मिरचीच्या वाफ्यातून धावली आणि कासऱ्याला लोंबकळली. बैल थांबले. तिच्या दोन्ही तळहातांची सालटी निघाली. ती रडली नाही, माझ्याकडे पाहत राहिली. तिचं ते पाहणं मला अजून सहन होत नाही.

या वेळी मी कोणाच्या डोक्यावर हात ठेवला नाही. गड्याला भाजीच्या वाफ्यांवर लावलं आणि मोट स्वतः हाकू लागलो. सकाळपासून दुपारपर्यंत धावेवर खाली-वर, खाली-वर. संध्याकाळी पाय इतके दुखायचे की गुत्त्यापर्यंत जाण्याचं त्राण उरत नसे, आणि मला तेच हवं होतं. वर्षभरात पोट गेलं, गाल गेले, बंडी खुंटीवर टांगल्यासारखी अंगावर लोंबू लागली.

मग संशय सुरू झाले. बायको रोज दिवेलागणीला काहीतरी निमित्त काढून जवळ यायची आणि माझ्या तोंडाचा वास घ्यायची. कधी डोळ्यांत गेलेलं कुसळ काढायचं म्हणून, कधी टोपी झटकायची म्हणून. कडब्याच्या गंजीत हात घालून बाटली शोधतानाही मी तिला पाहिलं. माझं डोकं फिरायचं. दारू पीत होतो तेव्हा ती एवढं जवळ येत नव्हती.

मीही काही साधा नव्हतो. मला वाटायचं, हिने कुठल्या तरी बुवाचा अंगारा आणून माझ्या दुधात घातला असणार, नाहीतर या वेळी सुटली कशी? एकदा मी माझा दुधाचा पेला मांजरीपुढे ठेवला आणि बसून पाहिलं. मांजर दूध प्यायली आणि चुलीजवळ झोपली. त्यातून काय कळायचं होतं ते मलाच ठाऊक.

पण गावाचा संशय वेगळा होता. थोरल्या भावाच्या घरी चहा झाल्यावर माझी कपबशी वेगळी पालथी घातलेली दिसली. कोणी मला तांब्या देताना तो जमिनीवर ठेवून देई. शब्द कोणी उच्चारला नाही, पण सगळ्यांच्या मनात क्षयच होता. आणि याच वर्षी पोरीला अकोल्याचं स्थळ आलं.

स्थळ चांगलं होतं, म्हणून मला ते संशयास्पद वाटलं. मुलाचा बाप कापसाच्या जिनात रुईची पारख करायचा. पगाराचा माणूस, घर स्वतःचं, मुलगा शिकलेला. अकोल्यात काय पोरींचा दुष्काळ पडला होता, की हे लोक भाजीवाल्याच्या दारी येत होते? मध्यस्थाला खोदून विचारलं तर तो हसण्यावारी नेई. पाहायला यायच्या दोन दिवस आधी मात्र तोच धापा टाकत आला. अकोल्यापर्यंत बातमी गेली होती की मुलीचा बाप वाळत चालला आहे. त्याने मागे तिकडे मला चांगला जाडजूड सांगितलेलं होतं, आता कसं करायचं ते आम्हीच पाहावं, असं म्हणून तो गेला.

बायकोने जुनी गादी उसवली. त्यातला कापूस माझ्या बंडीच्या अस्तरात भरला, पोटाकडे जास्त, बाह्यांत दंडाशी थोडा, आणि शिवून टाकला. घालून पाहिली तर मी वर्षापूर्वीचा झालो होतो. गड्याने पाहिलं आणि घाबरून विचारलं की मालक पुन्हा सुरू केली काय.

फाल्गुनाची अखेर होती. पाहुणे आले, ओट्यावर सतरंजीवर बसले. मुलाचा बाप माझ्या शेजारी. चांगला पोटाळू माणूस, आणि तोंडात लवंग. मला लगेच खटकलं. मी स्वतः अठरा वर्षं दारूचा वास लपवायला लवंग चघळली होती. पण बोलणार काय? माझ्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि तो माझ्या घामाकडे पाहत होता.

पोरगी पानाचं तबक घेऊन आली. तळहात पदराखाली लपवून तिने तबक धरलं होतं. त्यांच्यातल्या एका म्हातारीने हात दाखव म्हटलं, आणि वण पाहून हे कशाचे म्हणून विचारलं. पोरगी म्हणाली, भारा बांधताना दोर लागला. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं, आणि काहीतरी करायचं म्हणून मी तबक घेऊन पाहुण्यापुढे केलं. तेवढ्यात दंडाची शिवण उसवली आणि बाहीतून कापसाचा पुंजका पानांवर पडला.

त्या माणसाने तो उचलला. माणूस काय करील, झटकून टाकील. पण याचा जन्म कापसात गेलेला. त्याने पुंजका दोन अंगठ्यांत धरला, ओढला, तुटलेले तंतू बोटावर ठेवून त्यांची लांबी पाहिली. मग फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू बोलला.

"जुनी रुई हाये. दोनदा पिंजलेली."

एवढंच. बाकीच्यांना काही कळलं नाही. त्याने पान खाल्लं आणि सर्वांना सांगितलं की मंडळींनी बैलांच्या दमणीतून बडनेरा स्टेशनावर जावं, मी आणि सोयरे पायी येतो. तीन कोसांची वाट, ऊन अजून उतरलेलं नव्हतं. मी समजलो. क्षयाचा माणूस तीन कोस चालू शकत नाही, अर्ध्या वाटेत खोकत खाली बसतो. मी बंडी काढून दमणीत फेकली आणि सदऱ्यावर निघालो.

तो माझ्या श्वासाकडे कान लावून चालत होता. माझे पाय वर्षभर धावेवर घासलेले, मला तीन कोसांचं काय. एक कोस झाला आणि तोच घामाघूम होऊन निंबाखाली बसला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. थोडा दम आल्यावर नवी लवंग तोंडात टाकून म्हणाला, क्षय तर नाही, मग झालं काय होतं? मी सगळं सांगितलं. दारू, मोट, कासरा. पोरीचे हात माझ्यापायी सोलले, ती माझ्यासाठी खोटं बोलली, तिचा यात काही दोष नाही, हेही सांगितलं.

तो उठला नाही. पायाशी पडलेली निंबाची काडी मोडत बसला.

"मोटेचं मले माहीत होतं," तो म्हणाला. "मध्यस्थानं तेच सांगतलं होतं, पोरीनं बाप विहिरीतून वाचवला म्हणून. म्हणूनच तर आलो. माहं घर बिनबाईचं हाये, सोयरे. बायको गेली तवापासून मले धरणारं कोणी नाही. अशी सून आली तर माह्यावर वचक राहीन."

तर हे होतं. एवढ्या लांब येण्याचं कारण मला अखेर कळलं, आणि माझं टाळकं असं सणकलं की तो सोयरा आहे, वयाने मोठा आहे, हे विसरलो. मुलगा दारू घेतो का, हे आधी विचारलं. नाही म्हणून तो शपथ घ्यायला लागला. मी त्याचा हात खाली दाबला. दारुड्याची शपथ मला शिकवायची नव्हती.

"माह्या पोरीनं एकदा कासरा धरला," मी म्हणालो. "दुसऱ्यांदा धराले मी तिले देत नाही. तुमी सोडा, मंग या."

रस्त्याने सरकीच्या गाड्या गेल्या. मग त्याने लवंग थुंकली आणि खालमानेने विचारलं, कशी सुटते? मी तोंड उघडलं ते मोटेबद्दल सांगायला. पण बोललो ते वेगळंच, आणि बोलताना ते मलाही नवीन होतं. मी सांगितलं, घरात आपल्यावर अजिबात विश्वास न ठेवणारं एक माणूस लागतं.

त्याला स्टेशनावर सोडून दमणीतून परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बायको ओट्यावरच उभी होती. टोपीवर धूळ आहे म्हणत जवळ आली. मी टोपी काढून दिली, वाकलो आणि तोंड उघडलं. ती दचकली. मग तिने वास घेतला, नीट, सावकाश. आणि डोळ्यांना पदर लावून आत गेली.

पोरीला मी सगळं सांगितलं. म्हटलं, नाही म्हण, वाट पाहण्यात तुझं वय सरेल, दुसरं पाहू. तिसऱ्या दिवशी मिरच्या तोडता तोडता म्हणाली, एक वर्ष थांबू. ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. लोक विचारायचे, स्थळ मोडलं का, आणि मी शिव्या घालायचो. अकोल्याहून ना चिठ्ठी ना निरोप. तो पीतच असणार याबद्दल मला तीळमात्र शंका नव्हती.

पुढच्या फाल्गुनात मी धावेवर असताना बांधावरून एक वाळका माणूस पायी येताना दिसला. त्याच्या कोटात तो दोनदा मावला असता. बायको ओट्यावरून डोळ्यांवर हात धरून पाहत होती. ती घाईघाईने माझ्याकडे आली.

"आवो, हे अकोल्याचे ना? इतके काहून वाळले? क्षय तर नसन?"

मी बैल सोडले आणि सामोरा गेलो. रामराम करायच्या आधी त्याने तोंड उघडलं. मी जवळ जाऊन वास घेतला. दारू नव्हती, लवंगही नव्हती. माझं समाधान झालं नाही म्हणून पुन्हा घेतला. त्याने विचारलं की इकडे दर महिन्याला येत जाऊ का, आणि मी म्हटलं की मीच अकोल्याला येत जाईन, न सांगता.

मग ओट्यावर सतरंजी टाकली आणि पोरीला पान आणायला हाक मारली. ती आली. या वेळी तिने तबक दोन्ही उघड्या तळहातांवर धरलं होतं.