रांजणावरचं सागाचं पान

मंडळी, आधीच सांगून टाकते... मी असल्या गोष्टी मानत नाही. नालासोपाऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. इथे ग्रुपवर कुणी पांढरी साडी, उलटे पाय असलं काही लिहिलं की खाली हसणारे चेहरे टाकणारी ती मीच. आज तुमची वेळ आहे, हसा खुशाल. पण आधी पूर्ण वाचा.

आम्ही विरारजवळच्या नंदाखाल गावचे. पुढे ओटा, मागे केळी-नारळाची वाडी. पप्पा फॉरेस्ट गार्ड होते, सगळी नोकरी तुंगारेश्वरच्या जंगलात काढली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाल्यावर त्यांची आठवण पुसट होत गेली. मम्मी वारली हे विसरले. मी फिलोमिना, त्यांची सख्खी मुलगी — तर मला 'सिस्टर' म्हणायला लागले. दवाखान्यातली की कॉन्व्हेंटातली, देव जाणे!

दिवसभर अगदी गुणी बाळ. पण उन्हं उतरली, चर्चची संध्याकाळची घंटा झाली, की ताडकन उठायचे. "चौकीवर जायचंय. रांजण भरला नाय. जान्या तहानेला येल." दार अडवलं तर माझ्यावर हात उगारायचे... ज्या माणसाने लहानपणी मला साधी चापट मारली नाही, तो. एकदा माझी नजर चुकवून निघाले ते थेट विरार स्टेशनच्या पुलावर सापडले. अनवाणी.

जान्याकाका म्हणजे पप्पांचे जोडीदार, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरचे वनमजूर. जंगलातल्या चौकीवर दोघांची आळीपाळीने ड्युटी असायची. आणि दोघांचा एक नेम होता. जो खाली उतरेल त्याने झऱ्याचं पाणी आणून रांजण भरायचा, वर ग्लास उपडा घालायचा आणि त्यावर सागाचं हिरवं पान ठेवायचं. उन्हाळ्यात साग उघडाबोडका होतो, तेव्हा दुसरं मिळेल ते. पान ताजं म्हणजे पाणी आजचं. दमून चढून आलेल्या माणसाने विचार न करता प्यावं.

पप्पांच्या रिटायरमेंटच्या दिवशी साहेब लोक जीप घेऊन वर गेले होते. हारतुरे, फोटो, भाषणं... आणि पप्पांना गाडीत घालून खाली आणलं. रांजण तसाच राहिला. मी होते त्या जीपमध्ये. पप्पा सारखे मागे वळून बघत होते, मला वाटलं नोकरी सुटल्याचं वाईट वाटतंय. जान्याकाका पुढे वर्षभरात तापाने गेले. 

माझा भाऊ कॅनडात असतो. तो फोनवर म्हणाला, "फिलू, बस झालं आता. आरशात बघ स्वतःला." त्याचंही चूक नव्हतं. मी दाराला पाठ लावून बसल्या बसल्या झोपायचे. शेवटी एका वृद्धाश्रमात जागा मिळाली. ईस्टर झाला की पप्पांना तिथे सोडायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, मी 'हो' म्हटलं, आणि फोन ठेवून ढसाढसा रडले.

सोडण्याआधी एकदा त्यांना चौकी दाखवावी, एवढंच मनात होतं. तिथल्या आताच्या गार्डला, सुनीताला, फोन केला. चुणचुणीत मुलगी आहे. तिने ऑफिसातून एका रात्रीची परवानगी काढून दिली, वर दम भरला, "मॅडम, तिथं आता कोन राहत नाय हां. लाईट नाय, झरा आटलाय. पान्याचे कॅन घेऊनच या."

हायवेवरून तुंगारेश्वर फाट्याला आत वळलं की देवळाकडे जाणारा रस्ता लागतो. वाटेत ओढे लागतात, त्यातला एक ओलांडला की डावीकडे कच्ची वाट चढते. तिच्या टोकाला ही चौकी. इंग्रजांच्या वेळची. काळ्या दगडाचं जोतं, कौलं, दोन खोल्या आणि भोवती पडवी. झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, नुकताच होऊन गेला होता. भोवतीचे साग नुसते खराटे. खाली वाळक्या पानांचा एवढा थर की पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा.

सुनीता आम्हाला सोडून गेली. मी आत झाडलोट केली. रांजण कोपऱ्यात होता, त्यात हात घालून बघितलं — कोळ्याची जाळी आणि धूळ. मागे झऱ्यावरही जाऊन आले. दगड कोरडे ठणठणीत. हे एवढं खुलासेवार सांगतेय, कारण पुढे मलाच ते पुन्हा पुन्हा आठवून बघावं लागलं.

उन्हं उतरली. मोहाच्या फुलांचा वास सुटला होता, गोडसर, थोडा गुंगी आणणारा. लांब कुठेतरी रातवा पक्षी एका लयीत बोलत होता. माझं सगळं लक्ष पप्पांकडे. आता उठतील, आता ओरडतील...

ते उठले. पण शांतपणे. फडताळातली जुनी कळशी घेतली आणि मागच्या वाटेने चालू लागले. मी मागोमाग. झऱ्याशी जाऊन त्यांनी कळशी पुढे धरली, कुणीतरी भरून द्यावी तशी. थोडं थांबले. "बस बस, सांडल," म्हणाले आणि हसले. पप्पांचं हसू मी किती दिवसांनी बघत होते!

वळले तेव्हा मी कळशीत डोकावले. रिकामी. पण पप्पा एका बाजूला कलून चालत होते, भरलेली कळशी नेणारा माणूस चालतो तसे.  वाटलं, आता घरी न्यावं यांना, आपणच खुळचटपणा केला.

पप्पा आत गेले. मी पडवीच्या पायरीवर बसले. आणि आतून आवाज आला... रांजणात पाणी पडल्याचा.

मंडळी, टॉर्च माझ्या हातात होता. आत जाऊन बघायला कुणी अडवलं होतं? मी नाही गेले. भीती वाटली म्हणून नव्हे. अंगावर मऊ दुलई घातल्यासारखं काहीतरी वाटत होतं, हलावंसंच वाटेना. पप्पा बाहेर यायचे, झऱ्यावर जायचे, परत यायचे. आधी पाणी घुमल्यासारखं वाजायचं, मग रांजण भरत आल्यासारखा आवाज वर वर चढत गेला. दोन खेपांच्या मध्ये ते कुणाशी तरी गप्पा मारत होते, वणव्याच्या, वाघरू दिसल्याच्या, कुणाच्या लग्नाच्या. दुसऱ्याचा आवाज मला ऐकू आला नाही. पण पप्पा थांबून ऐकायचे आणि "खरं सांगतोस?" म्हणायचे. ते ऐकता ऐकता मी तिथेच पडवीत, खांबाला डोकं टेकून झोपले. किती महिन्यांनी अशी झोपले, दाराची काळजी न करता.

जाग आली ती सुनीताच्या हाकेने. सूर्य झाडांच्या काड्यांमधून वर येत होता, माझ्या अंगावर पप्पांचं पांघरूण होतं. ते आत शांत झोपलेले. सुनीता रांजणापाशी उभी होती.

"मॅडम, हे कुठनं आनलं?"

रांजण काठोकाठ भरलेला. वर ग्लास उपडा, आणि ग्लासावर सागाचं पान. हिरवंगार, सुपाएवढं, ऐन श्रावणातलं असावं तसं. ओलं.

"सागाला आत्ता पान? अख्ख्या जंगलात दाखवा मला एक!" सुनीताचा आवाज चिरकला. मी आमचे कॅन बघितले. दोन्ही सीलबंद.

तेवढ्यात पप्पा उठून आले. ग्लास सरळ केला, पाणी काढून आधी सुनीताला दिलं, मग मला. गार होतं. थोडी मातीची चव. मग ते टोपी घालत म्हणाले, "चल फिलू. जान्या आला, माझी ड्युटी संपली."

फिलू! 'सिस्टर' नव्हे.

ईस्टर झाला. पप्पा आश्रमात गेले नाहीत. गरजच उरली नाही. घंटा झाली की ते ओट्यावर बसून वाडीकडे बघत राहायचे. मी मुद्दाम विचारायचे, "पप्पा, चौकीवर जायचं?" तर वैतागायचे, "झाली ना ड्युटी! सारखं काय तेच?" पुढे मी पुन्हा 'सिस्टर' झाले, ती गोष्ट वेगळी. मला चाललं ते.

पावसाळा सरता सरता एका दुपारी मी शाळेतून आले तर स्वयंपाकघरात सगळीकडे पाणी. पप्पांनी विहिरीवरून कळशी कळशी आणून माठ भरून ठेवला होता. मी केवढी ओरडले... "पाय घसरला असता म्हणजे? कोणी सांगितलंय नसते उद्योग?" ते नुसते हसले आणि खोलीत जाऊन आडवे झाले. मी फरशी पुसली, चहा केला, घेऊन आत गेले. पप्पा गेलेले होते.

आमच्या वाडीत साग नाही. माठावर ग्लास उपडा घातला होता, आणि त्यावर केळीच्या पानाचा एक तुकडा, हातानेच फाडलेला.

जंगलातलं ते पान कुठून आलं, त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. विज्ञानाची बाई असून नाही. हे केळीचं पान कुणी ठेवलं ते मात्र मला माहीत आहे. त्या संध्याकाळी आमच्या घरी जो जो आला, त्याला मी त्या माठातलं पाणी दिलं.